बेचा पाढा, चिंचोके आणि ‘पट’ : मुलांना वाढ कशी शिकवायची?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९.४०

गेल्या आठवड्यात दहावीच्या वर्गात फळ्यावर दोन ओळी लिहिल्या.

२, ४, ६, ८, १०
२, ४, ८, १६, ३२

विचारलं, यातली कुठली बेरजेने वाढते आणि कुठली गुणाकाराने? शेवटून दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, उभा राहून म्हणाला, “पहिली गुणाकाराने. बेचा पाढाय ना सर तो.” वर्ग हसला. मीही हसणार होतो, पण थांबलो. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. लहानपणापासून हा गुणाकार म्हणूनच आपण त्याच्याकडून घोकून घेतला. मग त्याचं चुकलं कुठे?

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. सिडकोतून कॉलेज रोडला येताना दोन सिग्नल कसे गेले कळलं नाही. पाढ्यात गुणाकार आहे, पण गुणला जातो तो पायरीचा क्रमांक. दुसऱ्या ओळीत गुणली जाते ती आधीची संख्याच. पहिली ओळ मागे वळून बघत नाही. दुसरी प्रत्येक पायरीला विचारते, आत्ता माझ्याकडे किती आहे? पहिली रेषीय वाढ, दुसरी घातांकी. शिवाय दोन्ही ओळी २, ४ अशाच सुरू होतात, म्हणजे नुसत्या दोन आकड्यांवरून काही ठरवताच येत नाही. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे असं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंचोक्यांचा डबा घेऊन गेलो. व्हरांड्याच्या फरशीवर दोन गट. पहिल्या गटाने दहापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक घंटेला दहा चिंचोके वाढवायचे. दुसऱ्याने एका चिंचोक्यापासून सुरुवात करायची आणि प्रत्येक घंटेला ढीग दुप्पट करायचा. चौथ्या घंटेला ४० विरुद्ध ८. दहावाल्यांनी आरडाओरडा करून दुसऱ्यांना पार रडकुंडीला आणलं. सहाव्याला ६० आणि ३२. सातव्याला ७० आणि ६४, तेव्हा आवाज जरा खाली आला. आठव्याला ८० विरुद्ध १२८.

मला आवडलेली गोष्ट आकड्यांपेक्षा वेगळीच होती. दहावाले प्रत्येक वेळी तेवढ्याच वेळात मोकळे व्हायचे. दुप्पटवाल्यांना प्रत्येक घंटेला जास्त वेळ लागायला लागला. नवव्याला २५६ करायचे होते तेव्हा त्यांनी मोजणंच सोडलं. एक मुलगी म्हणाली, “सर, आम्ही आता मोजत नाही. आहे तेवढाच ढीग शेजारी लावतो, झालं.” दहाव्याला डबा रिकामा.

इथवर झकास. मग चाचणीत विचारलं : (अ) दर महिन्याला १,००० रुपये डब्यात टाकले. (ब) १ रुपया ठेवला, तो दर महिन्याला १ टक्क्याने वाढतो, आधीच्या वाढीसकट. घातांकी वाढ कुठली? निम्म्याहून जास्त पोरांनी (अ) लिहिलं. कारण? “ती फास्ट आहे.”

म्हणजे माझ्या चिंचोक्यांनी ‘घातांकी म्हणजे वेगात’ एवढंच शिकवलं. हे डोक्यातून कसं काढायचं? कुणी केलंय का?

कटिंगचहा | सोमवार, रात्री ९.५८

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या सरांनी चिंचोके फक्त फेकून मारायला वापरले असते.

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०.३१

पतसंस्थेत एकतीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. तुमचं दुखणं पुस्तकाच्या बांधणीत आहे. सरळव्याज सातवीत, चक्रवाढ आठवीत, आणि मध्ये उन्हाळ्याची सुट्टी. दोन वेगळी सूत्रं, दोन वेगळ्या परीक्षा. एकाच कागदावर दोन्ही रेघा मुलाला कोणी काढून दाखवत नाही.

खाजगीत ‘तीन टक्क्यांनी’ पैसे घेतात, माहीत असेल. म्हणजे शेकडा तीन, तेही महिन्याला. १ लाख घेतले. सरळ हिशेबाने महिन्याला ३,००० व्याज. थकलेलं व्याज मुद्दलात चढवत गेलं तर :

१ वर्ष : सरळ १,३६,००० / चढतं सुमारे १,४२,६००
२ वर्षं : सरळ १,७२,००० / चढतं सुमारे २,०३,३००
५ वर्षं : सरळ २,८०,००० / चढतं सुमारे ५,८९,०००

पहिल्या वर्षी फरक साडेसहा हजारांचा. घेणारा म्हणतो, ठीक आहे, एवढं काय! पाचव्या वर्षी तोच फरक तीन लाखांच्या वर. सुरुवातीला दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून चालतात, गोम तिथेच आहे. माणूस पहिल्या वर्षावरून पाचव्याचा अंदाज बांधतो.

मुलांना ७२चा नियमही सांगा. ७२ला टक्क्यांनी भागा, साधारण तेवढ्या मुदतीत रक्कम दुप्पट. तीन टक्क्यांना २४ महिने. सरळव्याजाला तेवढ्यासाठीच चौतिसावा महिना उजाडतो.

आणि जाता जाता. हल्ली ‘दामदुप्पट’ म्हटलं की भिंतीवरची फसवी जाहिरात आठवते. मूळचा दामदुप्पट नेमका उलटा, ऋणकोला वाचवणारा. कुठल्याही वेळी वसूल करायचं थकीत व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये, असा जुना हिंदू कायद्यातला नियम. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही तो मानला. म्हणजे चढत्या रेघेला लगाम घालायला हवा, हे आपल्याकडच्या लोकांना आलेखाशिवाय कळलं होतं.

बागायतदार | मंगळवार, सकाळी ६.१२

सर, आमच्या निफाडच्या कुठल्याही द्राक्षवाल्याला हा धडा विचारा, फळा लागणार नाही. गोडी छाटणी झाली, फूट निघाली, आणि दोन दिवस पावसाळी राहिलं की डाउनी, म्हणजे पानावरचा बुरशीचा रोग. आधी एखाद्या पानावर तेलासारखा पिवळा डाग. पान उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. एवढंच. शेजारचा म्हणतो, दहाच पानं आहेत, बघू रविवारी.

धरून चालू की हवा अशी आहे, एक रोगट पान आठवड्यात पाच नव्या पानांना लावतं. मग आठवड्याला नवी पानं १०, ५०, २५०, १,२५०, ६,२५०. हे नुसते समजावायचे आकडे, खरी पट हवेवर आहे. दव, ओल, ऊन यावर ती रोज बदलते. पण ‘दहाच पानं’ म्हणणारा बेरजेत विचार करत असतो. त्याला वाटतं रविवारी वीस असतील.

दुसरी गोष्ट. फवारणी करतो तेव्हा आम्ही पानं मोजून कमी करत नाही, पट कमी करतो. पाचाची दोन झाली तरी रोग वाढतोच, जरा सावकाश. एकच्या खाली आणली, म्हणजे दोन रोगट पानं मिळून एकच नवं पान बिघडवताहेत, की रोग उतरायला लागला : १००, ५०, २५, १२. तीही घातांकीच ना? मग ‘घातांकी म्हणजे वेगात वाढणारी’ कुठे राहिलं?

(तुमचा ‘घात’ वेगळा. आमच्याकडचे म्हातारे जमिनीला ‘घात आली’ म्हणजे पेरण्याजोगी ओल आली म्हणतात. आणि डाउनी करते तो तिसरा घात.)

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७.०५

बागायतदार, शेवटचा कंस चोरून वर्गात वापरणार आहे. ‘पानं नाही, पट’ हे तर फळ्यावरच लिहितो. उतरणारी घातांकी रेघ मी मुलांना दाखवलीच नव्हती, आत्ता लक्षात आलं.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी १.२०

एवढं लांब कशाला जायचं? गोदेला पूर येतो तेव्हा नाशिकच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघा. सकाळी पायाशी पाणी, दुपारी गुडघ्याला, तासाभरात छातीला. हीच घातांकी वाढ. पंचवटीतल्या पोरांना वेगळं समजवायची गरज नाही, डोळ्यांनी बघतात.

कडबोळं | मंगळवार, दुपारी २.४४

गोदाकाठ, उदाहरण आपलं आहे म्हणून खरं वाटतं, पण सरांची मुलं करतात तीच चूक तुम्ही केलीत. घाबरवण्याइतकं वेगात वाढलं म्हणून घातांकी म्हणायचं नाही. पाण्याची पुढची वाढ आत्ताच्या पाण्यावर ठरते का, ते विचारा. नदी मारुतीच्या गुडघ्याकडे बघून ‘आता याच्या दुप्पट’ असं ठरवत नाही. वर पाऊस किती आणि गंगापूर धरणातून विसर्ग किती, त्यावर ती वाढते.

विसर्गाचंच घ्या. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. १०,००० क्युसेक सोडले तर तासाला ३ कोटी ६० लाख घनफूट, म्हणजे ३६ दलघफू (दशलक्ष घनफूट). दोन तासांत ७२, तीन तासांत १०८. विसर्ग बदलला नाही तर धरणातून गेलेलं पाणी सरळ रेघेत मोजता येतं, आकडा कितीही मोठा वाटो. १०,००० क्युसेक ऐकून छातीत धस्स होतं, पण ती रेषीय वाढ आहे. विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवला तर रेघेला कोन पडतात, एवढंच.

खरं घातांकी उदाहरण त्याच नदीत तरंगतंय. पाणवेली.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी ३.०२

मान्य. पण मारुतीच्या छातीला पाणी लागलं की मला गणित सुचत नाही, गाडी हलवायची सुचते.

कडबोळं | मंगळवार, दुपारी ३.५०

:) ते बरोबरच आहे.

पाणवेलीचं पूर्ण करतो. प्रत्येक रोप आपल्या शेजारी नवं रोप काढतं. जेवढी रोपं जास्त, तेवढी नवी जास्त. अनुकूल हवा आणि सांडपाण्याचं खत मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. वर्गात असं विचारा : एका बंधाऱ्यात पाणवेल दर दोन आठवड्यांनी दुप्पट होते. विसाव्या आठवड्याला पूर्ण बंधारा झाकला. अर्धा कधी झाकला होता? नव्वद टक्के मुलं ‘दहाव्या’ म्हणतील. उत्तर अठराव्या. पुढचा प्रश्न जास्त मजेचा आहे : दहाव्या आठवड्याला किती झाकला होता? दहा आठवडे मागे म्हणजे पाच वेळा निम्मं, म्हणजे बत्तिसावा हिस्सा. काठावरून जाणाऱ्याला तेव्हा कोपऱ्यात थोडी हिरवळ दिसते आणि तो फोटो काढून पुढे जातो.

कटिंगचहा | मंगळवार, दुपारी ४.१५

विसाव्या आठवड्यानंतर काय? बंधाऱ्यातून उठून गंगापूर रोडला येणार का?

कडबोळं | मंगळवार, सायंकाळी ६.३०

चेष्टेत विचारलंत, पण प्रश्न खरा आहे. जागा संपली की पट घसरते. घरचं विरजण बघा. चमचाभर दह्यातले जिवाणू कोमट दुधात दुपटीने वाढत जातात. वाढता वाढता स्वतःच इतकं आम्ल तयार करतात की तेच त्यांना सोसत नाही, आणि वाढ मंदावते. नाहीतर सकाळी ओट्यावर दह्याचा डोंगर दिसला असता. आलेख आधी वर वळतो, मग पुन्हा सपाट होतो. डाउनीतही तेच, शेवटी पानंच उरत नाहीत. माल्थसने १७९८मध्ये लोकसंख्या भूमिती श्रेढीने (सारख्या पटीने) आणि अन्न अंकगणिती श्रेढीने (सारख्या फरकाने) वाढतं असं मांडलं. त्याला विचारायचा प्रश्नही हाच, पट कायम राहते हे कशावरून?

पण सर, दहावीला हे पहिल्याच तासाला सांगू नका. आधी पट पक्की होऊ दे.

सरळरेघ | मंगळवार, रात्री ८.११

सगळं छान. पण परीक्षेत किती गुणांना? दहावीला अंकगणित श्रेढी आहे, भूमिती श्रेढी अकरावीला. माझा मुलगा दहावीत आहे. सराव संच सोडून चिंचोके मोजत बसले तर मी तरी शाळेत येऊन विचारीन.

पाटीपेन्सिल | मंगळवार, रात्री ८.५५

या, चहा पाजतो. सराव संच सोडले नाहीत. चिंचोक्यांना एक तास गेला, आणि त्यातून अंकगणित श्रेढीचा ‘सामान्य फरक’ जेवढा पक्का झाला तेवढा पाच सराव संचांनी झाला नव्हता. शेजारी दुसरं काही नसेल तर ‘फरक सारखा’ या शब्दांना मुलाच्या लेखी अर्थच नसतो. पिवळा पिवळा का म्हणायचा हे हिरवा पाहिल्यावर कळतं.

शिवाय हीच मुलं दोन-तीन वर्षांत मोबाईलचं कर्ज काढणार आहेत. असो, तो वेगळा धागा.

देवळालीकर | मंगळवार, रात्री १०.२०

अवांतर, पण नाशिक आणि शाळामास्तर म्हटल्यावर राहवत नाही. आमच्या देवळालीत द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ शाळेत शिकवायचे. त्यांचा ६१७४ मुलांना जरूर करायला लावा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा, पुन्हा तेच. सिंहस्थाचं वर्ष घ्या, २०२७ :

७२२० − ०२२७ = ६९९३
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

पुढे कितीही करा, ६१७४च. जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. ‘आधीच्या संख्येवरून पुढची’ हा तुमचाच नियम, पण ही वाढत नाही, घरी येऊन बसते. मागच्या संख्येकडे बघणारी प्रत्येक गोष्ट फुगतेच असं नाही, हे यातून छान दिसतं.

सरळरेघ | मंगळवार, रात्री १०.४७

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सरळरेघ | मंगळवार, रात्री ११.३२

चुकून अर्धवट पडला होता. मुलाने पाच संख्या करून बघितल्या. सगळ्या ६१७४. आता झोपत नाहीये.

पाटीपेन्सिल | पुढचा सोमवार, रात्री ९.१५

आठवड्याभरात काय झालं ते सांगतो.

‘फास्ट’ हा शब्द वर्गात आठवडाभर बंद केला. प्रत्येक तक्त्याला दोन रकाने जोडायला लावले : ‘फरक’ आणि ‘पट’. आधी रकाने भरायचे, मगच नाव द्यायचं. फरकाचा रकाना सारखा आला तर रेषीय, पटीचा आला तर घातांकी. दोन्ही वाकडे आले तर गप्प बसायचं, तोंडाला येईल ते नाव द्यायचं नाही. मुद्दाम वर्गसंख्या दिल्या, १, ४, ९, १६, २५. फरक ३, ५, ७, ९. पट ४, २.२५, १.७८, १.५६. बरीच मुलं गप्प बसली. याचा मला किती आनंद झाला ते मास्तरांनाच कळेल.

मग चाचणीतला तोच प्रश्न परत. डब्यात दर महिन्याला १,००० रुपये, आणि समोर दरमहा १ टक्क्याने वाढणारा एक रुपया. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केलं. शंभराव्या महिन्याला डब्यात एक लाख, आणि त्या रुपयाचे २ रुपये ७० पैसे. पोरं फिदीफिदी हसली. पाचशेव्या महिन्याला पाच लाख विरुद्ध १४५ रुपये. अजून हसू. हजाराव्याला दहा लाख विरुद्ध २१ हजारांच्या आसपास. हसू थांबलं. सव्वाचौदाशेच्या सुमाराला दोन्ही चौदा लाखांच्या वर बरोबरीला आले. एक जण म्हणाला, “सर, पण ही तर सव्वाशे वर्षांच्या जवळ गेली. तेव्हा आपण नसणार.” म्हटलं, बरोबर, म्हणून घातांकी म्हणजे वेगात नाही. त्यावर तो, “पण शेवटी जिंकली ना?” हो, जिंकली. एकच्या वरची कुठलीही पट शेवटी कुठल्याही सरळ रेघेला गाठते. किती काळाने, हा वेगळा हिशेब.

आलेख काढायला घेतला तर दुप्पटवाली ओळ कागदात मावेना. उभ्या अक्षावर १ सेमी = १० धरलं तरी १,०२४ला एक मीटरहून उंच कागद लागतो. चार आलेखकागद चिकटवून व्हरांड्याच्या भिंतीला लावलेत. खालून पहिली पाच टिंबं एकमेकांना चिकटलेली, आणि शेवटचं टिंब लावायला स्टुलावर चढावं लागलं. शिपाईमामा विचारत होते, कशाची मिरवणूक आहे.

बेच्या पाढ्यावाला मुलगा आता अडचणीचे प्रश्न विचारतो. शुक्रवारी तास संपताना आला. “सर, दोन्ही केलं तर? म्हणजे दुप्पट करायचं आणि वर पाच टाकायचे. ती कुठली?” घंटा झाली होती. मी म्हटलं, सोमवारी सांगतो. आज सोमवार. टाळलं.

कडबोळं | सोमवार, रात्री ९.५२

रकाने भरा ना, तुमचाच नियम. एकपासून सुरू करा : १, ७, १९, ४३, ९१. फरक ६, १२, २४, ४८. पट ७, मग २.७१, २.२६, २.१२. पट सारखी नाही, म्हणून घातांकी म्हणता येत नाही. पण फरकाचा रकाना बघा, तो स्वतःच दुप्पट होत चाललाय, आणि पट हळूहळू दोनवर येतेय. सगळ्यांत पाच-पाच मिळवून बघा : ६, १२, २४, ४८, ९६. पाच दडवलेली दुप्पट आहे ती.

बागायतदार | सोमवार, रात्री १०.०५

म्हणजे बागेत रोगही वाढतोय आणि शेजाऱ्याकडून दर आठवड्याला पाच पानांची भरही पडतेय.

हिशेबनीस | सोमवार, रात्री १०.२०

कडबोळं, एवढं लांब नको. ठरावीक रक्कम दर महिन्याला टाकायची आणि आधीच्या सगळ्यावर व्याज चढत राहायचं. त्या पोराला सांगा, तू न विचारता आवर्ती ठेवीचं खातं उघडलंस. पाच टाकायच्या ऐवजी पाच काढायला लावा, मग कर्जाचा हप्ता होईल. किती काढले तर ढीग जागचा हलत नाही, ते त्यालाच शोधू दे. सुरुवात मात्र पाच चिंचोक्यांपासून करायला सांगा.

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री १०.२६

काका, पाच गुणिले दोन दहा, वजा पाच, परत पाच. उद्या चिंचोक्यांचा डबा पुन्हा नेतो.